सोलापूरच्या शाळेने मुलांना साहस शिबिराला न्यावं का, आणि न्यायचं तर कुठे?

प्रश्न : आमची शाळा सोलापूर शहरातली, मराठी माध्यमाची, अनुदानित. आठवी-नववीला यंदा नेहमीच्या सहलीऐवजी साहस शिबिराला न्यावं, असं काही शिक्षकांचं म्हणणं आहे. पालक विचारतात, यातून मुलांना नक्की मिळतं काय? धोका पत्करण्याइतका फायदा आहे का? शिवाय आपल्याकडे डोंगर कुठे आहेत? खर्च परवडेल असं काही सुचवा.

उत्तर :

सर, पालकसभेत पहिल्यांदा हे सांगून टाका की फायदा होतो, पण तो दोरीला लटकल्याने होत नाही. झिपलाइनवरून अर्धा मिनिट घसरत जाणाऱ्या मुलाला स्वतः काहीच ठरवायचं नसतं. हार्नेस दुसऱ्याने बांधलेला, हूक दुसऱ्याने अडकवलेला, वेळ आली की ढकलणाराही दुसराच. मजा येते, फोटो येतो, त्यात वाईट काही नाही. पण ती गड्ड्याच्या यात्रेतल्या पाळण्याची मजा झाली, आणि पाळणा स्वस्तात पडतो.

साहस शिक्षण सुरू होतं ते मुलांच्या हातात खरा निर्णय आल्यावर. दोन वाटा फुटल्या तर कोणती धरायची, दुपारी दोनला उरलेलं पाणी कसं वाटायचं, मागे पडलेल्या मुलीसाठी सगळ्यांनी थांबायचं की दोघांना तिच्यासोबत ठेवायचं. निर्णय चुकला तर त्याचा त्रासही त्यांच्याच वाट्याला यायला हवा. त्रास म्हणजे अर्धा तास जास्त पायपीट किंवा करपलेली खिचडी, इतपतच. त्यापुढचं नुकसान होऊ न देणं हे माझ्यासारख्या प्रशिक्षकाचं काम. मी बरीच वर्षं शाळांच्या तुकड्या घेऊन फिरते आहे, आणि माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत गेलंय की उंची, दोर, हेल्मेट या वस्तू दुय्यम आहेत. मुलांना किती ठरवू दिलं आणि परत आल्यावर वर्गशिक्षकाने त्याचं काय केलं, यावर सगळं ठरतं.

या शिक्षणाची आधुनिक परंपरा सुरू झाली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. जर्मनीतून परागंदा झालेले शिक्षक कुर्ट हान आणि जहाज व्यवसायातले लॉरेन्स होल्ट यांनी १९४१ मध्ये वेल्समधल्या ॲबरडोव्ही इथे ‘आउटवर्ड बाउंड’ची पहिली शाळा काढली. पाणबुड्यांनी जहाजं बुडवल्यावर अनुभवी खलाशी तग धरतात आणि तरणेबांड पोरं लवकर धीर सोडतात, असं होल्ट यांचं निरीक्षण होतं. मग धीर शिकवायचा कसा, तर समुद्रावर आणि डोंगरात, सुमारे चार आठवडे, खऱ्या कामांतून. आपण तेच एक रात्र दोन दिवसांत, नाश्ता-जेवणासह पॅकेजमध्ये मागतो. पालकांच्या अपेक्षा जमिनीवर ठेवायच्या असतील तर हा फरक सांगावाच.

संशोधनही असंच काहीसं सांगतं. जॉन हॅटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अशा कार्यक्रमांवरच्या ९६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. आत्मविश्वास, स्वतःवरचा ताबा, इतरांशी वागणं अशा गोष्टींवर सरासरी परिणाम ०.३४ निघाला, म्हणजे माणसामाणसांत एरवी जो फरक असतो (प्रमाण विचलन) त्याच्या साधारण एक तृतीयांश. संख्याशास्त्राच्या भाषेत हा लहान ते मध्यम आहे, डोळे दिपावेत असा नव्हे. लक्ष वेधणारी गोष्ट पुढची. काही महिन्यांनी पुन्हा मोजल्यावर परिणाम ओसरण्याऐवजी आणखी ०.१७ ने वाढलेला दिसला. शाळेतल्या बहुतेक उपक्रमांचं उलट होतं, संपले की त्यांचा रंग उतरतो. मात्र याच आढाव्यात कार्यक्रमा-कार्यक्रमांत प्रचंड तफावत होती, वीस दिवसांपेक्षा मोठे कार्यक्रम उजवे ठरले होते, आणि सहभागींत शाळकरी मुलांबरोबर मोठी माणसंही होती. म्हणून ‘शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध’ असं छापून दोन दिवसांचा कॅम्प विकणाऱ्यापासून सावध राहा.

आता प्रत्यक्षात काय दिसतं ते सांगते.

वर्गातली उतरंड बदलते. वर्षानुवर्षं पहिल्या बाकावरचा मुलगा चूल पेटवताना धूर खात बसतो, आणि सुट्टीत आजोळी शेळ्यांमागे फिरणारी, वर्गात तोंड न उघडणारी मुलगी तीन दगड मांडून दोन मिनिटांत जाळ करते. वारा कुठून येतोय हे ती न सांगता बघते. तिला त्यात विशेष काही वाटत नाही, बाकीच्यांना वाटतं. यंत्रमाग कामगारांची, विडी वळणाऱ्या बायांची मुलं आपल्या शाळांत खूप आहेत. त्यांच्या हातात कसब असतं, घर चालवायची अक्कल असते, पण प्रगतिपुस्तकात त्यासाठी रकाना नसतो. माळावर त्या गोष्टींना अचानक किंमत येते. हे एकदा सगळ्या वर्गासमोर घडलं की पुसता येत नाही.

सोलापूरची आणखी एक गोष्ट. आपल्या एका वर्गात घरी तेलुगू बोलणारी, कन्नड बोलणारी, दखनी बोलणारी आणि मराठी बोलणारी मुलं शेजारी बसतात, पण डबा खाताना आपापल्या घोळक्यात जातात. म्हणून तुकड्या चिठ्ठ्या टाकून पाडा, मैत्रीवर सोडू नका. आठ जणांची तुकडी, एक पातेलं, एक नकाशा. पहिला तासभर कुरकुर होते. मग भूक लागते आणि भाषेचा प्रश्न आपोआप मागे पडतो. एकमेकांच्या घरच्या शिव्या शिकतात हेही खरं, त्याकडे काणाडोळा करावा.

तिसरी गोष्ट भीतीची. इथे मी थोडी कडक आहे. मुलाला ‘नाही’ म्हणायचा पूर्ण हक्क हवा. कड्याच्या टोकाशी उभ्या असलेल्या मुलाला खालून पन्नास जण ‘घाबरट, घाबरट’ म्हणत असतील आणि त्या आवाजाने तो उतरला, तर त्याच्या हाती फक्त अपमान लागला. त्याऐवजी तो म्हणाला, ‘मी दहा फुटांपर्यंतच जातो,’ आणि तेवढंच गेला, तर आपली मर्यादा ओळखून ती चारचौघांत सांगायला तो शिकला. मोठेपणी मित्र तलावात उतरत असताना काठावर थांबण्यासाठी हेच लागतं. यात शिक्षकांचीच आधी तयारी करून घ्यावी लागते, कारण ओरडणाऱ्यांत बऱ्याचदा सर पुढे असतात.

काय होत नाही तेही पालकांना सांगा. एका शिबिराने गणिताचे मार्क वाढत नाहीत. ‘याला जरा शिस्त लावून आणा’ म्हणून पाठवलेला मुलगा दोन दिवस छान वागतो आणि तिसऱ्या दिवशी होता तसा होतो. डोळ्यांचंही विचारतात. चीनच्या ग्वांगझूमध्ये शाळेतल्या लहान मुलांना रोज ४० मिनिटं जास्तीची उघड्यावर दिली, तेव्हा तीन वर्षांत चष्मा लागण्याचं प्रमाण ३९.५ टक्क्यांऐवजी ३०.४ टक्के राहिलं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मोलाचा आहे, पण तो रोजच्या चाळीस मिनिटांचा आहे. त्यासाठी शिबिर नको, मैदानाचा तास परीक्षेच्या नावाखाली कापू नका म्हणजे झालं.

डोंगर नाहीत, ही तक्रार मी नेहमी ऐकते. सह्याद्री आपल्यापासून दूर आहे हे खरं. पण आठवीच्या मुलांना पहिल्यांदा बाहेर काढायला कडा लागत नाही, मोकळी जागा लागते आणि तिथे करण्यासारखं खरं काम लागतं. मी सुरुवात नळदुर्गपासून करते. जिल्हा धाराशिव असला तरी हैदराबाद रस्त्याने तासाभरात पोचता येतं. बोरी नदीच्या वळणात उभा असलेला हा भुईकोट आणि गिरिदुर्ग यांच्या मधला किल्ला आहे, तटबंदीचा घेर सुमारे तीन किलोमीटर. बहुतेक शाळा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नर-मादी धबधबे बघायला जातात. मी त्या दिवसांत मुलांना मुळीच नेत नाही. निसरडं, प्रचंड गर्दी, प्रत्येकाला सेल्फी हवा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जा. धबधबा नसेल, किल्ला तुमचाच असेल.

सकाळी तुकड्यांना हाताने काढलेला किल्ल्याचा कच्चा नकाशा देते, त्यावर मुद्दाम दोन-तीन जागा रिकाम्या ठेवते. त्यांनी तटाच्या आतल्या बाजूने फिरून त्या भरायच्या. प्रत्येक तुकडीमागे एक मोठं माणूस चालतं, पण त्याने तोंड उघडायचं नाही. मुलं चुकीच्या दिशेला निघाली तर निघू द्यायचं. कुठवर निघू द्यायचं ते आदल्या आठवड्याच्या पाहणीत ठरलेलं असतं, ती हद्द आली की बोलायचं. गप्प राहणं शिक्षकांना सगळ्यात अवघड जातं, हे सांगून ठेवते. नकाशा उलटा धरला आहे हे दिसतंय आणि बोलायचं नाही, यात भलेभले हरतात.

मग उपळ्या बुरुजाची उंची काढायची. मीटरभर काठी उभी करून तिची सावली मोजा, बुरुजाची सावली मोजा, बाकी गुणोत्तर-प्रमाण तुमच्या पुस्तकातलंच. दहा मिनिटांत वाद सुरू होतो, कारण बुरुज गोल आहे. सावली भिंतीच्या पायथ्यापासून मोजायची की मधल्या बिंदूपासून? मधला बिंदू तर भिंतीच्या आत. मग कोणीतरी घेर मोजून त्रिज्या काढायची युक्ती शोधतं. मी शोधून देत नाही. एखाद्या तुकडीला जमत नाही, त्यांचं उत्तर चुकतं, आणि दुसऱ्या तुकडीशी ताळा करताना त्यांना ते कळतं. पुढे पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये बांधलेला हा बंधारा. पूर आला की पाणी अंगावरून जातं आणि आतला महाल कोरडा राहतो. हे कसं केलं असेल याचा अंदाज मुलांनी आधी चित्र काढून मांडायचा, माहिती नंतर. या किल्ल्यात दोर लावायचा नाही, तटावर चढायचं नाही. संरक्षित वास्तू आहे, आणि जुन्या चुन्याचा भरवसाही नसतो. आग्या मोहोळं लागलेली असू शकतात, म्हणून अत्तर, बॉडी स्प्रे, धूर आणि आरडाओरडा यांना बंदी. हे शेवटचं मुलींपेक्षा मुलांनाच जास्त बजावावं लागतं.

जेवायला कडक भाकरी, शेंगाचटणी आणि कांदा. चालायच्या दिवशी याहून चांगलं खाणं मला माहीत नाही. खराब होत नाही, सांडत नाही, गरीब घरातल्या मुलाला लाज वाटत नाही. वेफर्सची पाकिटं आणायचीच नाहीत असा नियम ठेवा, म्हणजे कोणाकडे काय आहे याची तुलनाही मिटते.

दिवस संपताना सगळ्यांनी गोलात बसायचं, आणि हा अर्धा तास कुठल्याही कारणाने कापायचा नाही. बसवाला हॉर्न वाजवत असला तरी. डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये अनुभवातून शिकण्याचं जे चक्र मांडलं त्याचा गाभा एवढाच आहे की अनुभव आला म्हणजे शिकणं झालं असं नाही, मागे वळून बघावं लागतं. पण ‘आज काय शिकलात?’ असं विचारू नका. आठवीचं मूल लगेच उभं राहून ‘एकीचे बळ’ यावर निबंध म्हणतं. त्याऐवजी नेमकं विचारा. तळ्याकाठच्या फाट्यावर तुम्ही किती वेळ थांबलात? डावीकडे जाऊ म्हणून कोण म्हणालं? मग का नाही गेलात? तिचं कोणी ऐकलं का नाही? इथे खरं बाहेर येतं. मुलींचं म्हणणं पहिल्या झटक्यात कोणी ऐकत नाही, हे मुलं स्वतःच्या तोंडाने कबूल करतात. त्यावर भाषण देऊ नका. तसंच राहू द्या.

यासाठीच वर्गशिक्षक सोबत हवेत. सगळं आमच्यासारख्या संस्थेवर सोपवून शिक्षक झाडाखाली बसले, की फायद्याचा मोठा वाटा तिथेच सांडतो. आम्ही दोन दिवसांचे पाहुणे. वर्षभर त्या मुलांसमोर उभं राहणार ते तुमचे शिक्षक. चूल पेटवणाऱ्या मुलीला त्यांनी पाहिलं असेल, तर सोमवारी ज्वलनाचा धडा शिकवताना ते तिलाच पुढे बोलावतील. पाहिलंच नसेल तर ती पुन्हा शेवटच्या बाकावर.

बाकीच्या जागा थोडक्यात. हिप्परग्याचा तलाव शहराला लागून आहे, हिवाळ्यात पक्षी असतात, पहाटे दोन तासांत उरकून शाळा भरायच्या आत परत येता येतं. नान्नजचं अभयारण्य माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये जाहीर झालं. माळढोक आता दिसेल असं मुलांना सांगूच नका. पण काळवीट दिसतात, नशीब असेल तर लांडगा, आणि गवताळ माळ ही ‘पडीक’ जमीन नसते हे तिथे पायी फिरल्याशिवाय कळत नाही. वनखात्याची परवानगी आधी घ्या, तिथे गप्प चालणं हेच साहस आहे, साठ मुलांना ते झेपत नाही, वीस-वीसच्या गटांनी न्या. हत्तरसंग कुडल इथे भीमा-सीना संगम आणि शके ९४०, म्हणजे १०१८ चा मराठी शिलालेख आहे. मुलांना अक्षरं लावायला बसवा, तास कसा जातो कळत नाही. पाण्यात मात्र पाऊलही नाही, त्याबद्दल खाली लिहिते. चढउतार आणि झाडी हवी असेल तर येडशीचं रामलिंग, बालाघाटच्या रांगेत. २०२४ च्या डिसेंबरात यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून चालत आलेला वाघ तिथल्या कॅमेऱ्यात दिसला, तेव्हापासून मी त्या भागात वनखात्याला विचारल्याशिवाय आणि दिवसाउजेडाव्यतिरिक्त कोणतीही तुकडी नेत नाही. दोर, कडा, रॅपलिंग (दोराने कडा उतरणं) हे नववीत, सह्याद्रीत, आणि तेही आधीच्या दोन-तीन फेऱ्यांत मुलं तयार झाली असतील तर.

आता धोका. सगळ्यात मोठा धोका रस्त्याचा. साप, कडा, मधमाशा यांची चर्चा होते आणि बस रात्री दहाला निघते, कारण एक दिवस वाचवायचा असतो. रात्रीचा प्रवास नको. चालक आदल्या रात्री झोपला होता का, हे विचारायला लाजू नका. खासगी गाडी असेल तर फिटनेस आणि विमा यांचे कागद स्वतः बघा. एसटी शैक्षणिक सहलींना भाड्यात निम्मी सवलत देते, तिचाच आधी विचार करा.

दुसरा धोका पाण्याचा, आणि इथे माझा नियम एका ओळीचा आहे. पोहण्याचा कार्यक्रम नसेल तर घोट्याएवढ्या पाण्यातही कोणी उतरायचं नाही, शिक्षकांनीसुद्धा नाही. भीमा आणि सीनेच्या पात्रात वाळू उपसून झालेले खड्डे वरून दिसत नाहीत. वर धरणातून पाणी सोडलं की पातळी बघता बघता बदलते. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेच्या पुराने माढा, मोहोळकडे काय केलं ते पालक विसरलेले नाहीत. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी सहलीत बुडाले. जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त मुलं होती आणि बहुतेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. दोन्ही ठिकाणी साहस असं काही चाललंच नव्हतं. साध्या सहली होत्या, म्हणूनच कोणी सावध नव्हतं. ‘साधी सहल सुरक्षित आणि साहस धोक्याचं’ म्हणणाऱ्या पालकांना हे जरूर दाखवा.

इंग्लंडमध्ये १९९३ साली लाइम बे इथे समुद्रात कयाकिंग करताना, म्हणजे छोट्या होड्या वल्हवताना, चार शाळकरी मुलं दगावली. त्या केंद्राच्याच दोन माजी प्रशिक्षकांनी आधीच्या वर्षी लेखी इशारा दिला होता. त्यातून १९९५ चा कायदा आला आणि मुलांसाठी असे उपक्रम चालवणाऱ्यांना परवाना बंधनकारक झाला. आपल्याकडे महाराष्ट्र शासनाचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, आणि आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणं त्यात अपेक्षित आहे. नोंदणीपत्र मागा. पण कागदावर थांबू नका. मुख्य प्रशिक्षकाने उत्तरकाशी, दार्जिलिंग किंवा मनालीच्या गिर्यारोहण संस्थेतून कोणता कोर्स केला आहे, आणि तोच माणूस तुमच्यासोबत येणार आहे की त्याचं नुसतं नाव, हे विचारा. दोर किती जुने आहेत आणि त्यांची नोंदवही आहे का, तेही. माझा आवडता प्रश्न असा : ‘तुम्ही शेवटचा कार्यक्रम कधी आणि कशासाठी रद्द केलात?’ ज्याने कधीच काही रद्द केलेलं नाही त्याच्यासोबत मी माझी भाची पाठवणार नाही.

उन्हाचं वेगळं सांगायला नको, तरी सांगते. होळीनंतर सोलापुरात दिवसभराचा कोणताही पायी कार्यक्रम ठेवू नका. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ आपला. थंडीतही माणशी तीन लिटर पाणी, ओआरएसची पाकिटं, टोपी आणि बंद बूट. पावसाळ्यात काळ्या रानातून मुलांना नेलंत तर प्रत्येकाच्या पायाला किलोभर चिखल येतो आणि चालणं तिथेच संपतं, मुरमाड माळ त्या मानाने बरा. साप चावला तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. हात-पाय हलू न देता १०८ ला फोन आणि थेट सरकारी रुग्णालय. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात प्रतिसर्पविष आहे का, हे निघायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारलेलं असावं.

मुलींचे पालक तयार होत नाहीत, हा अनुभव तुम्हालाही येईल. खरी अडचण बहुतेक वेळा साहसाची नसते, ‘रात्री कुठे झोपणार, संडास कुठे, सोबत बाई कोण’ ही असते. उत्तरं नेमकी द्या. जागेचे फोटो दाखवा, सोबत येणाऱ्या शिक्षिकेला सभेत उभं करा. पाळीचं मुलींशी आधी मोकळेपणाने बोलून ठेवा, पॅड आणि वापरलेले पॅड ठेवायच्या कागदी पिशव्या फर्स्ट एडच्या पेटीत असू द्या. पहिली फेरी मुक्कामाशिवाय केलीत तर दुसऱ्या वेळी आया स्वतःच विचारायला येतात. दम्याचा, फिट येण्याचा, ॲलर्जीचा इतिहास लेखी घ्या, पण तो असलेल्या मुलाला वगळायचं निमित्त म्हणून वापरू नका. पायाने अधू असलेला मुलगा नान्नजच्या माळावर दुर्बीण आणि नोंदवही सांभाळू शकतो, फक्त ते काम खरं हवं, दयेपोटी दिलेलं नको.

खर्चाचं म्हणाल तर एका मोठ्या शिबिराच्या पैशात वर्षातून तीन-चार लहान फेऱ्या होतात, आणि मी त्याच्याच बाजूची आहे. लांबचा एकच कॅम्प केला की फी भरू न शकणारी मुलं मागे राहतात. तीच मुलं, ज्यांना याचा सर्वांत जास्त उपयोग झाला असता. जवळच्या फेरीत बसभाडं सोडलं तर खर्च असा फारसा नसतोच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरविरहित दिवस सुचवले आहेत. त्यातला मूळ भर स्थानिक कारागीर आणि व्यवसाय यांच्यावर आहे, पण परिसरभेटींनाही त्यात जागा आहे, तेव्हा वेळापत्रकाची सबब तुम्हाला पुढे करावी लागणार नाही.

यंदा करायचं असेल तर असं करा. दिवाळीची सुट्टी संपली की हिप्परग्याला एक सकाळ, फक्त चालणं आणि गोलात बसणं, म्हणजे शिक्षकांनाही गप्प राहण्याचा सराव होईल. डिसेंबरमध्ये नळदुर्गचा पूर्ण दिवस. जानेवारीत गड्ड्याची गडबड ओसरली की हुरड्याच्या दिवसांत एखाद्या पालकाच्या शेतावर एक मुक्काम. तंबू मुलांनीच लावायचे, पाणी विहिरीवरून मोजून आणायचं, पहाटेच्या पाळीला दोन मुलं आणि एक शिक्षक जागे. आपल्या शहरात नळाला काही-काही दिवसांआड पाणी येतं, पण ते भरून पुरवायचं काम घरात आई करते. आठ जणांच्या तुकडीला दिवसाचं पाणी मोजून दिलं की भांडी घासायला किती ठेवायचं यावरून जी भांडणं होतात, ती शिक्षकांनी शांतपणे ऐकावीत, मध्ये पडू नये. फेब्रुवारीत नान्नज, छोट्या गटांनी. दर दहा-बारा मुलांमागे एक मोठं माणूस, मुली असतील तिथे बाई असायलाच हव्यात, सर्वांत पुढे एक आणि सर्वांत मागे एक जाणता, आणि बसमध्ये चढताना-उतरताना प्रत्येक वेळी मोजणी. जागा तुम्ही किंवा आयोजकाने त्याच मोसमात आधी पायी फिरून पाहिलेली हवी, गेल्या वर्षीची आठवण चालत नाही. नान्नजची परवानगी आणि एसटीचं आरक्षण ही दोन पत्रं मात्र दिवाळीआधीच टाका, डिसेंबर-जानेवारीत सगळ्याच शाळांना गाड्या हव्या असतात.